काकूंनी उतरवलेली माझी वही

कतारमधल्या अल खोरच्या आमच्या कंपाउंडमधल्या एका काकूंवर मी मनसोक्त सूड उगवला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सल्ला मागायला मीच गेले होते. वडील गेले त्या वर्षी मी एक वही लिहायला घेतली होती: आयर्लंडचे जुने केल्टिक लोक, ख्रिस्ती होण्याआधीचे त्यांचे देव, विहिरी, झाडं. त्याचं पुस्तक करायचं आणि ते वडिलांना अर्पण करायचं, एवढीच इच्छा. शिवाय दोह्यातल्या द पर्ल या बेटावरच्या एका रेस्टॉरंटमध्ये वेट्रेसची नोकरी चालून आली होती. काकू मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक, म्हणून दोन्हींबद्दल त्यांनाच विचारलं.

"इंजिनिअरची बायको तू, लोकांची उष्टी उचलणार?" काकू म्हणाल्या. "आणि ते परके देव मराठीत कोण वाचणार गं? वही ठेवून जा, बघते."

दिवाळी अंक आला. माझी वाक्यं जशीच्या तशी, वर काकूंचा फोटो. जाब विचारला तर म्हणाल्या, वही कुठे सापडतच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती.

रागारागात मी नोकरी धरली. आमचे कॅप्टन, म्हणजे हेड वेटर, रत्नागिरीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "प्लेटीत अंगठा घालायचा नाय. नि लोक तुझ्या तोंडाकडं बघतील असं समजू नको. खाण्याकडं बघतात, खलास."

काही महिन्यांनी काकू नवऱ्याला आणि त्याच्या आयरिश साहेबांना घेऊन नेमक्या माझ्याच टेबलावर आल्या. माझ्या हातून सूप घेतलं, पण वर पाहिलं नाही. त्या साहेबांना त्यांचेच देव समजावून सांगत होत्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे पितरांचं पान मांडतात आणि कावळा शिवेपर्यंत कुणी जेवत नाही."

"आमच्याकडे?" साहेब चकित झाले. "कावळा तर आमच्या युद्धदेवतेचा. तो ताटाशी आला तर आम्ही पळून जाऊ!"

वडिलांच्या दहाव्याला दोन तास कावळा शिवला नव्हता. तेच डोक्यात घेऊन मी ते पान लिहिलं आणि आमचा कावळा नेऊन आयर्लंडात बसवला. ती चूक दुसऱ्या कुणाला करता आलीच नसती.

"सर, ती रीत आमची आहे," मी इंग्रजीत म्हणाले. "लिहिताना घोटाळा माझा झाला. मॅडमनी लेख माझ्या वहीतून उतरवलाय, चुकीसकट."

काकूंनी तेव्हा कुठे माझ्या तोंडाकडे पाहिलं. साहेबांनी चमचा खाली ठेवला, काकूंच्या नवऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"मंडळात बोलू नकोस गं," काकू मराठीत कुजबुजल्या. "वही देते तुझी. कपाटातच आहे."

"वही तर द्याच, काकू," मी म्हणाले. "आणि मंडळात मी बोलणारच आहे."

मग डेझर्टचं मेन्यूकार्ड त्यांच्यापुढे ठेवलं.