पडदा उचलण्याआधीचं वाक्य

"सांग की अर्जदाराला," मुन्शी म्हणाला.

मी सतरंजीच्या काठाबाहेर उभा होतो. माझी रोजची जागा. समोर खुर्चीत साहेब, त्याच्या बाजूला मुंबईहून आलेले दोन पाहुणे, खाली बैठकीवर मुन्शी. दाराशी हैबती चोपदार. अर्जदार उभे राहतात ती जागा रिकामी होती. कारण अर्जदार मीच होतो.

"साहेब काय म्हणाले ते अर्जदाराला कळायला नको? दुभाष्या तू. अर्जदारही तूच. कर पुरं तुझं काम."

साहेबाने हे इंग्रजीत पाहुण्यांना समजावून सांगितलं. त्यांना फार मजा वाटली. साहेब माझ्याकडे वळला, बोटाने रिकाम्या जागेकडे खूण केली. बोल.

मी त्या रिकाम्या जागेकडे तोंड केलं आणि रोजच्या आवाजात म्हणालो, "साहेबांची मर्जी आहे. तुमच्या मनातलं तडीस जाईल."

पाहुणे हसले. एकाने टाळी वाजवली. हैबतीने दाराचा, बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा उचलून धरला. सवयीनेच. आणि मग तोही गोंधळला, की आता बाहेर कुणी जायचं.

ही गोष्ट पुण्याच्या संगमावरच्या इंग्रजाच्या बंगल्यातली. तेव्हा मी चाळिशीला आलो होतो. आज सत्तरी उलटली. गेली तीस वर्षं लोक माझ्याबद्दल एक गोष्ट सांगत आलेत आणि मी ती सांगू देत आलोय. ती खोटी आहे. म्हणून लिहितो.

माझा बाप संगमावर नाव चालवायचा. मीही तेच शिकलो. बंगला झाला तेव्हा साहेबाचं सामान आमच्याच नावेतून उतरलं. त्याच्याबरोबर मद्रासेकडचा एक बटलर होता. त्याला नदीची मासळी हवी असायची, मला त्याचं इंग्रजी. दोन वर्षांत मी इंग्रजी बोलू लागलो. पुढे साहेबाने मला वर बोलावलं आणि लोकांची गाऱ्हाणी सांगायला उभं केलं. मुन्शी शहरातला, मोठ्या घरचा. फारसी उत्तम, मोडी मोत्यासारखी, पण इंग्रजी त्याला यथातथाच. ते माझ्याकडून घ्यायचं आणि नावाड्याकडून घेतोय हे दिसू द्यायचं नाही, असं त्याचं चाले. कागद तो माझ्या हातात देत नसे. सतरंजीच्या काठावर टाकायचा, मी वाकून उचलायचा. अक्षरओळख मी तिथेच करून घेतली, त्याचं लिहिणं समोरून, उलटं बघत. अजूनही काही अक्षरं मी खालून वर काढतो.

बारा वर्षं मी दुभाष्याचं काम केलं. दप्तरात मात्र माझं नाव नावाड्यांच्या यादीत. माझी इच्छा एवढीच होती की तिथे 'दुभाषी' असं लिहावं आणि सतरंजीच्या कोपऱ्यावर बसू द्यावं. मुन्शीच म्हणाला, "अर्ज कर की. साहेब तुझ्यावर खूश आहेत." तो इतक्या गोड आवाजात बोलला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. झालो नाही. रात्रंदिवस शब्द जुळवले, अर्ज केला. साहेबाने तो पाहुण्यांसमोर वाचला, डावीकडच्या वेताच्या टोपलीत ठेवला आणि ते वाक्य म्हणाला.

"मे युअर होप्स बी क्राउन्ड विथ सक्सेस."

तुमच्या आशांना यश लाभो. शब्द चांगले आहेत. कुणी कुणाला मनापासून म्हणत असेल तर त्याच्याइतकं चांगलं बोलणं नाही. पण त्या खोलीत ते कधी म्हटलं जाई, हे मला माहीत होतं.

साहेबाला एखाद्याचं काम करायचं असलं की तो प्रश्न विचारायचा. गाव कोणतं? कोणी नेलं? कधी? साक्षीला कोण? लेखणीवाल्याला हाक मारायचा. ज्याचं काम व्हायचं त्याला शुभेच्छा कधीच मिळाली नाही. त्याला गाव विचारलं गेलं. आणि ज्याचं काही करायचं नसे त्याचा कागद टोपलीत जाई, साहेब पाठ सरळ करी, थोडं हसे आणि हे वाक्य म्हणे. हैबतीला इंग्रजीतलं एवढंच कळायचं. 'सक्सेस' ऐकलं की त्याचा हात पडद्याला लागलाच. साहेबाचा कुत्राही तेवढ्यावर उठून अंग झटकायचा. टोपलीतले कागद दुसऱ्या दिवशी बटलर चुलीला घाली.

पहिल्या वर्षी मी मुन्शीला विचारलं होतं, "हे मराठीत कसं सांगायचं?"

"काम होईल म्हणून सांग."

"पण होणार तर नाही."

त्याने लेखणी खाली ठेवली. "नाही म्हटलं की माणूस रडतो. पाय धरतो. मग त्याला उचलायला दोन शिपाई लागतात, सतरंजी मळते ती वेगळीच. होईल म्हटलं की आपल्या पायांनी जातो. जाताना मुजरा करतो. तुला काय बरं वाटतं बघायला?"

मला मुजरा बघायला बरं वाटायचं. तो साहेबाला असायचा, पण वाटेत उभा मी होतो.

साहेबाला मराठी येत नाही असं सगळे धरून चालायचे. मला दाट संशय आहे की त्याला चांगली कळत होती. मी काय सांगतो ते त्याला ठाऊक होतं आणि ते तसंच सांगितलं जावं म्हणूनच माझ्यासारखा माणूस तिथे उभा केला होता. खोटं तो बोललाच नाही. खोटं मी बोललो.

आता येसूबद्दल. हा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

येसू येरवड्याची. तिचा नवरा मल्हारी याला एका गोऱ्या कप्तानाच्या सामानासाठी वेठीला धरलं. लोणीपर्यंत चल, तिथून परत, असं सांगून नेलं. पंधरा दिवस झाले तरी आला नाही. येसू आणि तिचा भाऊ माझ्याच बापाच्या नावेतून बंगल्यावर आली. भावाच्या खांद्यावर घोंगडी, हातात काठी, भाकरी बांधून घेतलेल्या. इथे विचारून तसेच लोणीच्या वाटेला लागायचं, असं ठरवून निघालेली माणसं.

साहेबाने काही विचारलं नाही. कागद टोपलीत. वाक्य. पडदा.

मी तिला नेहमीचं सांगितलं. बाहेर अंगणात तिने मला थांबवलं. "दादा, मंग आमी शोधाया निगू का नगं? तुमी सांगा. तुमाला तेंची भाषा कळती."

मला तेंची भाषा कळत होती. मी म्हणालो, "कशाला पायपीट करता? साहेबांनी मनावर घेतलंय. घरी बसा."

हे मला कुणी सांगायला लावलं नव्हतं. मुन्शी आत होता. वाक्य सांगून माझं काम संपलं होतं. हे वरचं माझं. तिने मला दादा म्हटलं, माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मला मोठं झाल्यासारखं वाटलं. एवढ्यासाठी.

भावाने भाकरी परत नेल्या.

त्यानंतर ती तीनदा आली. पहिल्या दोन खेपांना तेच. तिसऱ्या खेपेला, म्हणजे एकूण चौथ्या वेळी, ती आली तो दिवस माझ्या अर्जाचा. माझं रिकाम्या जागेशी बोलून झालं होतं. कान तापले होते. मुन्शी डोळे पुसत म्हणाला, "बोलाव पुढचं कोण ते."

येसू आत आली. मी मघाशी जिच्याशी बोललो होतो त्याच जागेवर येऊन उभी राहिली. साहेब अजून पाहुण्यांशी हसत होता. त्याने तिचा कागद हातात घेतलाही नाही. मान अर्धी वळवून वाक्य म्हणाला.

"सांग," मुन्शी म्हणाला.

मी टोपलीकडे बघितलं.

"अरे नावाड्या, जीभ नदीत पडली का?"

मी सतरंजीवर पाय ठेवला. दोन पावलं चाललो. टोपली उचलून येसूच्या पुढ्यात ठेवली.

"येसू, साहेब काही करणार नाहीत. पहिल्या दिवशीही करणार नव्हते. तुझे आधीचे तीन कागद अशाच टोपलीतून चुलीत गेले. माझाही आत्ता हिच्यात पडलाय. परत येऊ नकोस. शोधायला जा."

मुन्शी उभा राहिला. साहेबाने मला विचारलं, काय सांगितलंस? मी त्याच्याच भाषेत म्हणालो, "आपण जे म्हणालात, ते आज पहिल्यांदा बरोबर सांगितलं."

साहेब चिडला नाही. चिडला असता तर मला आजही बरं वाटलं असतं. त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं, थोडं हसला आणि तेच वाक्य मला पुन्हा ऐकवलं. हैबतीने पडदा उचलला. या वेळी कुणाला जायचं ते त्याला कळलं.

लोक सांगतात ती गोष्ट इथे संपते. संगमावर साहेबाच्या तोंडावर खरं बोलला तो हा नावाडी. पेठांतून लोक मला बघायला यायचे. माझ्या नातवंडांना ही गोष्ट पाठ आहे.

पण अंगणात येसू माझ्या मागून आली. तिने आभार मानले नाहीत. एवढंच म्हणाली, "मंग त्या दिशी बसा का म्हनलात?"

ती आणि भाऊ त्याच दुपारी निघाली. लोणीच्या पुढे एका गावात, देवळाच्या ओवरीत, मल्हारी पडून होता. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं. कप्तानाच्या लोकांनी त्याला तिथे उतरवलं आणि पुढे गेले. देवळाचा गुरव त्याला पाणी द्यायचा, जमेल तेव्हा भात. पाय सडत गेला. पुण्याकडून माणसं येताना दिसली की तो कोपरावर उठून बघायचा, असं गुरवाने सांगितलं. येसू पोचली तेव्हा त्याला जाऊन वीस दिवस झाले होते. पहिल्या दिवशी भाकरी घेऊन ती निघाली असती तर तो तिला जिवंत भेटला असता. पायही कदाचित राहिला असता.

मी पुन्हा नाव चालवू लागलो होतो; परतताना ती माझ्याच नावेत बसली. दुसरी नाव नव्हती. पैलतीराला उतरताना म्हणाली, "यका दिसाची वाट व्हती."

हे मी गाळत आलो. आणखीही एक. त्या दिवशी मी खरं बोललो ते येसूसाठी नाही. माझ्या अर्जाला साहेबाने 'दुभाषी' असं लिहून दिलं असतं, तर मी सतरंजीच्या कोपऱ्यावर बसून तिला चौथ्यांदा, पाचव्यांदा सांगितलं असतं. होईल. घरी बस. माझा अपमान झाला म्हणून मला तिचा दिसला. हे शौर्य नाही.

तेव्हापासून कुणी हसून भलं चिंतलं की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही. दाराकडे बघतो. जावई म्हणतो मी संशयी झालोय. आहे. सुनेने चांगलं म्हटलं तरी मी ताटात काय वाढलंय ते आधी बघतो. हे जगणं सुखाचं नाही, पण आंधळं तरी नाही.

आता हे का लिहितो. संगमावर नवा साहेब आहे. हल्ली वाड्यातली मोठी माणसं तिकडे जातात. परवा एक वृद्ध कारभारी माझ्या मुलाच्या नावेतून परतत होते. मी सुकाणूशी बसलो होतो. कारभाऱ्यांच्या अंगाला अत्तर, तोंडात विडा, चेहरा फुललेला. बरोबरच्या माणसाला म्हणाले, "साहेबांचं मन साफ आहे हो. उठताना स्वतः म्हणाले, श्रीमंतांच्या साऱ्या आशा सफळ होवोत."

मी विचारलं, "सरकार, त्याआधी त्यांनी आपल्याला काही विचारलं का?"

"म्हणजे?"

"एखादा प्रश्न. आपला कागद हातात होता की बाजूला ठेवलेला? पडदा कुणी उचलला?"

कारभाऱ्यांनी मला पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हातारबुवा, आपण नाव सांभाळा. राज्य आम्ही सांभाळतो."

त्यांचा माणूस हसला. मी तीस वर्षांपूर्वी ऐकलेलं तेच हसणं. मी सुकाणू वळवलं. घाट आला, ते उतरले. घरी येऊन मला कळलं की मी पुन्हा तेच केलं. मला ती भाषा कळत होती आणि मी एका माणसाला खुशीत घरी जाऊ दिलं.

आता नाही. संगमाकडून येणारा जो कोणी या नावेत बसेल, त्याला मी हेच तीन प्रश्न विचारीन. हसला तरी विचारीन. नावेतून उतरवलं तर घाटावर उभा राहून विचारीन.

पण त्याआधी एक काम आहे. येसू अजून आहे. डोळ्यांनी अधू झाली आहे, सकाळी येरवड्याच्या चावडीपाशी उन्हाला बसते. त्याच चावडीवर माझ्या शौर्याची गोष्ट सांगतात, तिच्या देखत, आणि ती ऐकून घेते. तीस वर्षं तिने मला खोटं पाडलेलं नाही. ते काम तिचं नव्हतंच.

उद्या सकाळी मी पैलतीराला जातो आणि हा कागद चावडीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो. "घरी बसा" हे दोन शब्दसुद्धा. क्षमा मागणार नाही. क्षमा मागणाराही काहीतरी होईल या आशेवर असतो. वाचून झालं की निघणार नाही. ज्याला जे विचारायचं आहे ते विचारून होईपर्यंत, तिचं विचारून होईपर्यंत, अर्जदार उभे राहतात तसा तिथे उभा राहीन.