देवीला रेंज नव्हती

पाठीतलं पाणी तपासायला देवीची परवानगी हवी होती आणि देवीच्या देवळात रेंज नव्हती. परळच्या आमच्या हॉस्पिटलात, आयसीयूच्या बाहेर, पेशंटचा पुतण्या प्रसाद खिडकीला फोन टेकवून उभा होता. पलीकडे मालवणजवळच्या त्यांच्या गावात गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून बसला होता. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. स्क्रीनवर मात्र पाकळी नव्हती, नुसतं चक्र गोल फिरत होतं.

आत वसंत परब गुंगीत पडले होते. राहणार लालबाग, शाळेत चित्रकला शिकवणारे, पन्नाशीतले गृहस्थ. आठवड्यापूर्वी ताप आला. मग घरात सुकट जळल्याचा वास यायला लागला, गॅसवर काहीच नसताना, आणि तोही फक्त त्यांनाच. पुढे ते बायकोला ‘बाई’ म्हणायला लागले, शाळेतल्या हेडबाईंना म्हणत तसं. बायको सुनंदाताई पहिल्यापासून सांगत होत्या की ह्यांच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. पण त्यांचं ऐकतो कोण? प्रसाद शिकलेला. करी रोडच्या टॉवरमध्ये राहणारा, मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्याने परस्पर निदान करून टाकलं: स्ट्रेस. काकांना त्याने कुठल्याशा काउन्सेलरकडे नेलं. तिथे त्यांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. इकडे मेंदू सुजत होता आणि माणूस डोळे मिटून श्वास सोडत होता. तिथेच फिट आली, तेव्हा कुठे मंडळी आमच्या दारात आली.

मी न्यूरोलॉजिस्ट आहे. मला त्या सुकटीतच अर्धं उत्तर मिळालं होतं. ताप येऊन गेला की काहींच्या ओठाच्या कडेला बारीक फोड येतात, तो हर्पिस नावाचा व्हायरस. पुष्कळांच्या अंगात तो मुकाट पडून असतो. क्वचित कधी मेंदूत शिरतो, आणि शिरला की बहुधा मेंदूचा कानाजवळचा भाग धरतो. वास आणि आठवणी, दोन्हींचं ठाणं तिथेच. एमआरआयमध्ये नेमकी तिथेच सूज होती. मेंदूत घुसणाऱ्या बहुतेक व्हायरसवर आमच्याकडे औषध नसतं. याच्यावर आहे. शिरेतून द्यायचं आणि ताबडतोब द्यायचं, कारण उशीर झाला की मेंदू जळत जातो. खात्रीसाठी कमरेत बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं थोडं पाणी काढून तपासतात.

हे सगळं मी प्रसादला समजावलं.

“पण मॅडम, पाणी काढलं की माणूस लुळा होतो. आमच्या ग्रुपवर आलंय.”

“सुई घालतो तिथे मज्जारज्जू नसतोच. तो वरच संपतो.”

“तरी रिस्क कशाला?”

“बरं, पाण्याचं नंतर बघू. औषध आत्ता सुरू करते.”

“कन्फर्म नसताना? किडनीवर इफेक्ट होतो त्याचा, वाचलंय मी. आधी प्रूफ दाखवा.”

म्हणजे पुरावा हवा, पण पुरावा काढायचा नाही.

“मग पाणी काढू द्या.”

“ते देवी सांगेल. आय ॲम अ रॅशनल पर्सन, मॅडम. पण फॅमिली सेंटिमेंट असतं ना.”

ते फॅमिली सेंटिमेंट, म्हणजे सुनंदाताई, समोरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलं होतं. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

मी आमच्या मेडिकल सुपरिंटेंडंटकडे गेले. सर म्हणाले, “जरा सबुरीने घ्या. त्या कंपनीची सगळी हेल्थ चेकअप आपल्याकडे येतात. आणि कन्सेंट तोच देतोय.”

“कन्सेंट बायकोचा लागतो, सर.”

“त्या बाईंना काही कळत नाही, असं म्हणतो तो.”

“तुम्ही विचारलंत त्यांना?”

सरांना एकदम एक फोन करायचा आठवला. इतकी वर्षं डॉक्टरकी करून माणूस इंग्रजी बोलणाऱ्यालाच वारस समजतो, याची मला चीड आली. मी परत येऊन सरळ सुनंदाताईंच्या शेजारी बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“औषद दिला तर वाचतीत?”

“बहुतेक. पण किती आठवेल ते आज सांगता येत नाही.”

“आनि नाय दिला तर?”

“जीव जाऊ शकतो. किंवा जगतील, पण तुम्हाला ओळखणार नाहीत.”

त्यांनी मांडीवरचा डबा बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, “प्रसाद, फोन ठेव तो.”

“काकी, दोन मिनिटं, रेंज येतेय, कौल...”

“कौलाचा काय ता मी बघीन. देवी माझी पन आसा.” मग माझ्याकडे वळून, “तुमी सुई घाला.”

त्यांनी सही केली. औषध लगेच सुरू झालं, मागोमाग पाणीही काढलं. पुढे त्या पाण्याच्या पीसीआर तपासणीत हर्पिसच निघाला. तीन आठवडे औषध चाललं. परब आपल्या पायांनी चालत घरी गेले. लुळंबिळं काही झालं नाही.

काही महिन्यांनी तिघं ओपीडीत आले. प्रसादने पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. सुई घातली त्याच दिवशी संध्याकाळी रेंज आली होती म्हणे आणि पाकळी उजवीच पडली होती. “देवीने ग्रीन सिग्नल दिला, मग आपण प्रोसीजर केली,” तो मला सांगत होता. जसं काही मी त्या दिवशी रजेवर होते.

मी परबांची स्मरणशक्ती तपासायला घेतली. “ह्या कोण?”

“सुनंदा,” ते जरा वैतागूनच म्हणाले. “बायको आहे माझी. हे काय विचारणं झालं?”

सुनंदाताईंनी पदराने डोळे पुसले. मी प्रसादकडे बोट केलं. परब त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“ह्यांना पाहिलंय कुठेतरी. आमच्या चाळीत येतात का?”

“घरीपण असंच करतात,” प्रसाद पडेल चेहऱ्याने म्हणाला. “मॅडम, हे अजून सुधारेल ना?”

“आता फारसं नाही.”

हे मी डॉक्टर म्हणून सांगितलं आणि ते खरं होतं. औषध सुरू होण्याआधी जो वेळ वाया गेला, त्यात मेंदूचा एक तुकडा कायमचा गेला, आणि त्या तुकड्यात पुतण्या होता. आमच्या धंद्यात एरवी करतो एक आणि भरतो दुसरा. या केसमध्ये करणाऱ्यालाही थोडंफार भरावं लागलं.