उल्रिकेला आधी दिसलं ते

उल्रिकेच्या खिडकीची एकच काच रोज पुसली जायची, खालची डावी. बाकीच्या तीन काचांवर हिवाळाभर बर्फाची साय धरलेली असे, त्यांच्याकडे ती ढुंकूनही बघत नसे. त्या एका काचेतून खाडीचं तोंड दिसायचं आणि त्यापलीकडे समुद्रावर पसरलेलं पांढरं बर्फ. सकाळी शेगडीत कोळसे घातले, कॉफीचं पाणी चढवलं, दोन ओळींची प्रार्थना म्हटली, की ती नवऱ्याची दुर्बीण घेऊन स्टुलावर बसायची. नऊ वर्षांत यात खंड नव्हता.

नऊ वर्षांपूर्वीच्या एप्रिलात तिचा नवरा एलियास कुत्र्यांची गाडी घेऊन सीलच्या शिकारीला बर्फाच्या कडेपर्यंत गेला होता. दुपारी जमिनीकडून वारा सुटला, कडेची लादीच्या लादी तुटली आणि दक्षिणेला वाहत गेली. तिसऱ्या दिवशी एक कुत्रा परत आला, गळ्यात कुरतडलेला पट्टा. माणूस आला नाही, गाडी आली नाही, साधा हातमोजाही कुठे सापडला नाही.

पण लादीवरून वाहत गेलेला माणूस दूरच्या किनाऱ्याला लागल्याच्या गोष्टी नुगालिक गावच्या बावीसही घरांत होत्या. उल्रिकेच्या सासऱ्यांचा चुलता तर अकरा महिन्यांनी चालत परत आला होता, आणि दारात पाऊल ठेवताच त्याने विचारलं होतं, "माझी कुत्री कोणी सांभाळली?" मग एलियासला मेलेला कसं म्हणायचं? गावची प्रार्थना चालवणारे सालोमनगुरुजी रविवारी दोन याद्या वाचत, एक देवाघरी गेलेल्यांची आणि एक प्रवासात असलेल्यांची. एलियासचं नाव प्रवासातल्यांत असे. आणि शिकारीचे वाटे पडत तेव्हा उल्रिकेच्या पातेल्यात दोन तुकडे येत. पहिल्या वर्षी तिने दुसरा तुकडा मागून घेतला होता. नंतर कोणी विचारत नसे, घालत.

घ्यायची सवय मात्र तिला लागली नाही. कारण एके काळी उल्रिके गावाला वाटे देणारी होती.

पांढरं अस्वल ज्याला आधी दिसेल त्याचं, हा नुगालिकचा कायदा. गोळी कोणाचीही असो, कुत्री कोणाचीही असोत. कातडं पाहणाऱ्याचं, आणि सुरी हातात घेऊन घराघराचा वाटा काढायचा मानही त्याचाच. उल्रिकेला पहिलं अस्वल दिसलं ते सतराव्या वर्षी, मासे वाळत घालताना. ते मारणारा एलियास. पुढच्या वर्षी त्याच कातड्यावर दोघांचा संसार सुरू झाला. लग्नानंतर तो तिला टेकडीवर घेऊन जायचा, स्वतः वाऱ्याकडे पाठ करून बसायचा आणि तिला म्हणायचा, "बघ." त्याने मारलेल्या अकरा अस्वलांतली सात तिने पाहिलेली. आणि तो गडी हे लपवायचाही नाही. चारचौघांत म्हणायचा, "मी हिचा नोकर. ही बोट दाखवते, मी धावतो." माणसं हसायची, आणि ती मान खाली घालून मांस कापत राहायची. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाचे दात गेलेत, कोणाला मानेचं मांस आवडतं, सगळं तिला पाठ होतं.

त्या मार्चातल्या सकाळी तिच्या पुतण्याची, गेदिऑनची, बायको कारोलिने गोणीत बर्फाचे खडे घेऊन आली होती. पिण्याच्या पाण्याचं बर्फ ती रोज आणून द्यायची. ती गोणी शेगडीशी टेकवतच होती, तेवढ्यात दुर्बिणीत, निळ्या हिमनगाच्या डाव्या अंगाला, काहीतरी पिवळसर हललं. थोडं पुढे आलं. मग दोन पायांवर उभं राहिलं.

"एलियास आला," उल्रिके म्हणाली.

मोठ्याने नाही. शेजारच्या खोलीत कोणी आलं तर सांगावं तसं.

कारोलिने थबकली, मग लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "हो काकू, आला. आणि तुमची कॉफी उतू चाललीय." तिने किटली बाजूला केली, खडे भांड्यात ओतले आणि गेली. उल्रिकेने पुन्हा दुर्बीण लावली. बर्फाच्या उंचवट्यांमध्ये आता काहीच दिसलं नाही.

दोनेक तासांनी खाडीत कुत्री भुंकली आणि मग गोळ्यांचे आवाज आले. एक, आणि थोड्या वेळाने दुसरा.

गेदिऑनने अस्वल ओढत आणलं तेव्हा गाव किनाऱ्यावर लोटलं होतं, हातात पातेली, घमेली, सुऱ्या. चांगला मोठा नर होता. गेदिऑनच्या मिशांवर बर्फ गोठलेलं होतं आणि तोंडावरचं हसू आवरत नव्हतं. पस्तिशी उलटली तरी एकही अस्वल त्याचं म्हणून नव्हतं. दरवेळी दुसऱ्याला आधी दिसायचं आणि हा गोळी झाडायचा. एलियास गेल्यापासून काकूच्या दारात सील टाकणारा, तिचं छप्पर दुरुस्त करणारा हाच.

"आज सुरी माझी," तो म्हणाला. "सगळ्यांनी रांगेत राहायचं. तोबियास आजोबा, तुम्हाला मऊ देतो, चावायला त्रास नको."

"माझे दात तुझ्यापेक्षा जास्त आहेत," तोबियास म्हणाले. ते गावातले सगळ्यात म्हातारे. माणसं हसली.

त्या हसण्यात कारोलिनेनेही भर घातली. "बघा, सकाळी काकू मला म्हणते एलियास आला! म्हटलं येऊ दे, त्यांच्याही वाट्याची कॉफी टाकते."

कोणी हसलं, कोणी नाही. तोबियास अजिबात हसले नाहीत. त्यांनी उल्रिकेकडे वळून विचारलं, "कुठे दिसला?"

"निळ्या हिमनगाच्या डावीकडे."

"अस्वलाचा माग तिथूनच निघतो," मागून कोणीतरी म्हणालं.

गेदिऑनने हातातली सुरी खाली केली आणि बायकोकडे असं पाहिलं की तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर घेतलं. "मी गंमत म्हणून बोलले," ती पुटपुटली.

"तुझ्या गमतीत माझं अस्वल गेलं."

"आधी काकूला दिसलं असेल तर ते काकूचं," तोबियास म्हणाले.

"काकूला अस्वल नाही दिसलं, आजोबा. काका दिसले. तोंडाने काय म्हणाली ते कारोलिनेने ऐकलंय. ती अस्वल म्हणाली असती तर मी आत्ता सुरी तिच्या हातात दिली असती. माझ्या लेकरांची शपथ." गेदिऑनचा आवाज चढला नव्हता. तो दुखावला होता, एवढंच.

"शपथ कशाला घालतोस," सालोमनगुरुजी म्हणाले. "तिलाच विचारू."

"विचारा, पण लवकर," मागून एक बाई म्हणाली. "मांस गोठायला लागलंय."

तोबियास काठी टेकत उल्रिकेपाशी आले. "पोरी, खरं काय ते सांग. पाहण्यावरून आपण खोटं बोललो तर अस्वलांना ते कळतं, पुढच्या हिवाळ्यात या बाजूला एक फिरकायचं नाही. तुला काय दिसलं? माणूस की अस्वल?"

माणूस म्हटलं असतं, तर अस्वल गेदिऑनचं झालं असतं. पोराचा नऊ वर्षांचा शीण निघाला असता, एलियास प्रवासातच राहिला असता, संध्याकाळी तिच्या पातेल्यात दोन तुकडे पडले असते. कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. उल्रिके अस्वलापाशी गेली. खाली बसून तिने हातमोजा काढला आणि त्याचा पुढचा पंजा हातात घेतला.

"याचे पंजे चालताना आत वळतात," ती म्हणाली. "माणूस असा चालत नाही. खांदे डोक्याच्या वर येतात. एवढ्या लांबून मला दिसलं ते हेच, पंजे आणि खांदे. मग ते उभं राहिलं."

"मग?"

"मग मी एलियास म्हटलं. पण डोळ्यांनी अस्वल पाहिलं होतं, आजोबा. आधीच पाहिलं होतं. रोजच कळतं मला. कधी सील असतो, कधी नुसती सावली असते. डोळे चांगले आहेत माझे, देवाने अजून काढून घेतले नाहीत. त्याचं नाव मी नंतर घेते."

बायकांपैकी कोणीतरी नाक ओढलं. गेदिऑनने सुरी उलटी धरून मूठ तिच्या पुढे केली.

"घ्या काकू. आणि पुढच्या खेपेला खिडकी बंद ठेवा, मला एक तरी दिसू द्या."

"तू लवकर उठत जा," ती म्हणाली. तेव्हा मात्र सगळा किनारा हसला.

सालोमनगुरुजींनी टोपी काढून प्रार्थना म्हटली आणि कापायला सुरुवात झाली. अस्वलाचं यकृत विषारी, कोणी खात नाही, ते तिने आधी बर्फाच्या भेगेतून समुद्रात टाकलं. नऊ वर्षांनी हात सुरीवर होता, तरी सांधा कुठे सुटतो हे शोधावं लागलं नाही. प्रत्येक घराचं नाव घेऊन ती वाटा काढत गेली. मागची अख्खी तंगडी गेदिऑनला. मानेचं तोबियासना. या नऊ वर्षांत कोणाकडे कोण जन्मलं हे तिला घरबसल्याच ठाऊक होतं, तेही चुकलं नाही. कातडं ती गेदिऑनला देईल असं बऱ्याच जणांना वाटत होतं.

"कातडं मी ठेवणार," ती म्हणाली. "माझं अंथरूण पार झिजलंय."

शेवटी तिचं पातेलं उरलं. तिने एक तुकडा घातला आणि सुरी पुसायला घेतली. गेदिऑनने सवयीने दुसरा तुकडा उचलून त्यात टाकला. तिने तो बाहेर काढला आणि कारोलिनेच्या घमेल्यात ठेवला.

"तुमच्याकडे खाणारी तोंडं जास्त आहेत."

गेदिऑन काही बोलायला गेला, पण कारोलिनेने त्याची बाही ओढली.

माणसं पांगल्यावर सालोमनगुरुजी जवळ आले. टोपी अजून हातातच होती. "उल्रिके," ते हळू आवाजात म्हणाले, "रविवारी एलियासचं नाव मी कुठल्या यादीत वाचू?"

तिने खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. निळ्या हिमनगावर ऊन आलं होतं.

"आहे तिथेच राहू दे, गुरुजी. फार लांब गेलाय, पण प्रवासातच आहे ना तो?"

गुरुजींनी मान डोलावली. संध्याकाळी कातडं घरी पोचवतो म्हणाले आणि गेले. उल्रिकेने पातेलं उचललं आणि चढ चढू लागली. एका वाट्याचं पातेलं हाताला हलकं लागत होतं. वाटेत तिने ते दोनदा या हातातून त्या हातात घेतलं.