कळ थांबली की हात वर करा

सहा आठवडे झाले. सकाळी दात घासत होतो, तोंडात फेस, आणि रुबिनाचा फोन आला. "काका, अम्मी गेली. झोपेतच… मी चाय घेऊन गेले, तर…" पुढे तिला मराठी शब्द सापडेनात आणि मला कुठल्याच भाषेतले. बेसिनशी तसाच उभा राहिलो. समोर आरशात माझा वरचा पुढचा दात दिसत होता, जरासा राखाडी पडलेला. तो दात रुबिनाच्या अम्मीनं, डॉ. नसीमताईंनी वाचवला, आणि त्याच्या जिवावर माझी उरलेली सगळी नोकरी झाली.

ताई मूळच्या मिरजेच्या. यजमान फरीदाबादला एका कारखान्यात इंजिनिअर, म्हणून इकडे आल्या आणि घराच्या पुढच्या खोलीत दातांचा दवाखाना थाटला. दिल्लीतल्या मराठी मंडळींत त्यांचा चांगलाच दरारा होता. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी गालाला हात लावून बसलेला दिसला, की मध्यंतरात ताई त्याच्यापुढे हजर! त्यांची तपासायची पद्धतही खास त्यांचीच. इंजेक्शनच्या सुयांची टोपणं स्वच्छ धुऊन, पाणी भरून त्या फ्रीजरमध्ये ठेवत. त्यातून बर्फाची बारीकशी कांडी निघे. ती दुखऱ्या दाताला टेकवायची, पेशंट दचकला की काढून घ्यायची आणि मोजायला लागायचं. तेही मराठीत. खुर्चीत बल्लभगढचा ट्रकवाला असो की बंगाली मास्तर, कळ थांबली की हात वर करा, एवढं हिंदीत सांगून त्या "एक, दोन, तीन" सुरू करत. तीन-चारला हात वर आला तर आतली नस धडधाकट. कीड काढून दात भरला की झालं. कित्येकांना तर "हिरडी उतरलीय, ब्रश जरा हलक्या हातानं धरा," एवढंच सांगून परत पाठवत. पण वीस झाले, तीस झाले तरी हात खालीच, तर नस आतून इतकी सुजलेली की ती पुन्हा सुधारणार नाही. मग रूट कॅनाल. काही लोकांना बर्फ लावलेला कळतच नाही. त्याचा अर्थ काय, हे मला फार उशिरा समजलं.

त्या काळी मी रेडिओवर दुपारच्या मराठी बातम्या वाचत असे. आवाजाचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हतो. एका डिसेंबरात बसनं करकचून ब्रेक मारला आणि समोरच्या सीटचा दांडा माझ्या पुढच्या दातावर आदळला. नंतर ठणका सुरू झाला. आडवं झालं की वाढायचा, चहाचा घोट घेतला की डोक्यात जायचा. लवंग धरून धरून जीभ बधिर झाली. घराजवळचा डॉक्टर म्हणाला, "निकाल देते हैं, नकली लगवा लेना." पुढचा दात नसलेला वृत्तनिवेदक! नकली दात बसून जीभ सरावेपर्यंत वाक्यावाक्याला शीळ वाजली असती, आणि तोवर माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं असतं. वाट बघणारे होतेच. मी घाबरलो आणि फरीदाबाद गाठलं. ताईंनी बर्फ टेकवून काढला. हात वर करायला मी अगदी आसुसलो होतो, पण त्या तीसपर्यंत पोहोचल्या तरी कळ हटेना.

"नस वाचणार नाही, नेने," त्या म्हणाल्या. "दात वाचेल. शनिवारी या."

गुरुवारी सकाळी ठणका गायब! चहा प्यालो, गार पाणी प्यालो, काही नाही. मी खुशीत फोन लावला, "ताई, दुखायचं थांबलं. शनिवारी येत नाही."

त्या म्हणाल्या, "थांबलं? तर मग शनिवारची वाट नका बघू. आजच या."

मला वाटलं, डॉक्टरांना पेशंट सोडवत नाही. शिवाय शनिवारी संक्रांत होती, ठणक्यापायी तिच्यावर मी पाणी सोडलं होतं. मंडळाची बस दरवर्षीप्रमाणे पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाणार होती, आणि यंदा तिथे बोलायचा मान माझा. गेलो. उतरल्या उतरल्या कुणीतरी तिळाची वडी हातावर ठेवली. ती पुढच्या दातांनी तोडली मात्र, मस्तकात कळ गेली. भाषणाची वेळ झाली तोवर वरचा ओठ पुरीसारखा फुगला होता. गोड बोलायचा सण आणि मला बोलताच येईना. माझं भाषण दुसऱ्यानं वाचलं. मी बसमध्ये जाऊन बसलो आणि सोमवारच्या बातम्यांचा विचार करून अक्षरशः रडलो.

रविवारी दवाखाना बंद असूनही ताईंनी दार उघडलं. त्या रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त लाज वाटली. बर्फ टेकवला. मला काहीच जाणवलं नाही. त्यांनी मोजायला सुरुवातसुद्धा केली नाही.

"नस मेली हो. म्हणून दुखायचं थांबलं. आता मुळाशी पू झालाय. दात बोलत होता तोवर तुम्ही हैराण होतात, आणि तो गप्प बसला तर आनंदानं फोन करता!"

"काढावा लागेल?" मी कसंबसं विचारलं.

"सरळ एकच मूळ आहे. का काढू?"

त्यांनी दाताला मागून बारीक भोक पाडलं, आतला पू वाहून गेला, आणि इतकं हलकं वाटलं की मी त्यांचा हातच धरला. त्यांनी तो सोडवून माझ्या हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिलं. "वाचा. मोठ्यानं." मी बोबडा, अडखळत चार ओळी वाचल्या. "ओठ सुजलाय, तो उतरेल. दात जागेवर आहे," त्या म्हणाल्या. त्या वाक्यावर मी आठवडाभर रजा काढून निर्धास्त राहिलो. पुढे तीन खेपांत त्यांनी बारीक सुयांसारख्या हत्यारांनी मुळाची नळी साफ केली, सुकवली, भरली. मी माझ्या खुर्चीत परत बसलो, तो निवृत्त होईपर्यंत. अधूनमधून बातम्या संपल्या की त्यांचा फोन यायचा, "दात छान वाचतोय आज!"

त्या गेल्याच्या चौथ्या दिवशी भेटायला गेलो. दवाखाना कधीच बंद झालेला, तरी खुर्ची तिथेच. रुबिना पाण्याला बर्फ काढायला गेली आणि फ्रीजर उघडून तशीच उभी राहिली. कोपऱ्यात वाटीत सुयांची चार टोपणं, पाणी गोठलेली. शेजारीपाजारी अजून गाल धरून यायचे, त्यांच्यासाठी. "काका, याचं मी काय करू?"

मी त्यातलं एक हातात चोळून कांडी काढली आणि राखाडी दाताला लावली. काही नाही, तो मेलेलाच, तरी चाळीस वर्षं कामाला उभा. मग शेजारच्या दाताला लावली आणि दचकलो.

"लागलं?" रुबिनानं विचारलं. माझं उत्तर यायच्या आत ती मोजायला लागली. दिल्लीत जन्मलेली, सगळा हिशेब हिंदीत करणारी ही मुलगी आईच्याच सुरात म्हणत होती, एक, दोन, तीन…

तीनलाच माझी कळ थांबली. मी हात वर केला. रुबिनानं तो पाहिला, पण ती थांबली नाही. अकरा, बारा… डोळे पुसत, एकेक आकडा नीट उच्चारत ती मोजत राहिली. मी हात तसाच वर धरून ऐकत होतो. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.