ज्याचा ठसा, त्याचं डोकं

खोटं नाही सांगत, पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत देहूच्या घाटावर कुणी हंडा आपटला, तर मला पिंपरीत ऐकू यायचा. या कानावरच मला कारखान्यात काम मिळालं. ओझी उचलायच्या साखळीचे लोखंडी हूक टांगायचे आणि हातोडीनं टोला द्यायचा. आवाज घुमला तर हूक खरा, भद्द वाजला तर आत तडा. खऱ्यावर मी ठसा मारायचा. खात्याचा रिवाज असा, की ज्यानं ठसा मारला त्यानंच पहिलं ओझं वर जाताना खाली उभं राहायचं.

मी अजून टेंपररी. दिवाळीला परमनंट करणार, खोली देणार. गावात, कुरुळीत, मात्र मी सांगून ठेवलेलं, की माझी सायकल फाटकात शिरल्याशिवाय कंपनी भोंगाच वाजवत नाही. बायकोनं भांड्यांचं बोचकंही बांधलं होतं.

अशात एक थोरला हूक भद्द वाजला. बाहेर गिऱ्हाइकाची लॉरी खोळंबलेली.

"मार ठसा," साहेब म्हणाले.

"आतून फुटलाय, साहेब."

"परमनंट व्हायचंय ना?"

डोळ्यांपुढं ते बोचकं आलं. मी हातोडी आणि ठसा त्यांच्यापुढं धरला. "तुम्हीच मारा."

त्यांनी मारला. दणकून.

साखळी ओढायला म्हातारे मिस्त्री होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी ओझं अडकवलं, साखळी धरली आणि तसेच उभे राहिले.

"ओढा ना, चाचा!"

"ठसा तुमचा हाय, साहेब. या खाली."

एकेक लेथ थांबत गेली. साहेब हसले, पुढं झाले, ओझ्याच्या कडेला उभे राहिले.

"वीतभर आत, साहेब."

साहेब काही सरकले नाहीत. चाचांनी तिथूनच ओढायला घेतलं. ओझं गुडघ्याला आलं, कमरेला आलं. मग हूक कण्हला. मला ऐकू आला यात नवल नाही. या खेपेला साहेबांनाही आला. त्यांनी मागं जी उडी घेतली, ती थेट भोसरीत पडली असती, मध्ये भिंत होती म्हणून वाचले.

"उतरवा," ते म्हणाले. हूक भट्टीत गेला. घाम पुसून ते माझ्याकडं वळले. "उद्यापासून येऊ नकोस."

चाचांना ते काही बोलले नाहीत. साखळीवर तसा हात दुसरा नव्हता. कान काय, ढिगानं मिळतात.

घरी सांगितलं, तशी बायको बोचक्याशी जाऊन बसली.

"म्हंजी सोडू ह्ये?"

"सोड."

"आन् गावाला काय सांगनार?"

"कंपनीच बंद पडली म्हणून."

"व्हय, तुमीच चालवत व्हता न्हवं," ती म्हणाली आणि दातानं गाठ सोडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपरीचा भोंगा वाजला. कुरुळीत दुसऱ्या कुणाला तो ऐकू आला नाही.