डावा कौल

मॅट्रिकचा निकाल लागला आणि आमच्या घरात आनंदापेक्षा शांतताच जास्त पसरली. साठ-एकसष्टचा सुमार असेल. देवबागातून मुलगी कॉलेजात गेल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं, पण अडचण ती नव्हती. बाबांची ना नव्हती. शाळेतल्या बाईंनी कोल्हापूरला मुलींच्या वसतिगृहात माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. अडचण होती आतेची. माझी आई मी लहान असतानाच गेली. बाबांच्या ह्या विधवा बहिणीने मला वाढवलं, आणि आता तिला दिसेनासं झालं होतं. विहिरीवर, चुलीपाशी, परसात ती माझा हात धरून वावरायची. बाबा दिवसभर किराणा दुकानात. मी गेले तर तिचं कोण करणार, इथे येऊन सगळं अडत होतं.

खरं सांगते, मला जायचं होतं. फार जायचं होतं. आणि इतकं जायचं आहे म्हणजे ते चूकच असणार, अशी माझी समजूत झाली होती. देवापुढे बसले की वाटे, कॉलेज सोडून द्यावं, आतेची सेवा हीच भक्ती. उठले की रडू फुटे. हा त्याग देवासाठी चाललाय की लोक काय म्हणतील म्हणून, तेच कळेना. आते तर काहीच बोलत नव्हती. एरवी भात मऊ झाला तरी घर डोक्यावर घेणारी बाई ती. तिचं गप्प राहणं मला सोसवत नव्हतं.

शेवटी बाबा म्हणाले, "माऊलीक विचारूया." आमच्याकडे लग्न ठरवायचं असो की नवी होडी दर्यात लोटायची असो, देवीचा कौल घेतल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावतो, आपलं गाऱ्हाणं देवीच्या कानावर घालतो, आणि मग वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कॉलेजसाठी मात्र त्याने पहिल्यांदाच कौल लावला असेल.

आतेलाही आम्ही हात धरून देवळात नेलं होतं. आमच्यामागे आणखी एक बाई कौलासाठी बसली होती. खाडीपलीकडून होडीने आलेली, ओळखीची नव्हे. गुरवाने बाबांनी सांगितलं तसं मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "आई माऊली, ह्या चेडू शिकूक भायर गेला, तर मागे घर चलतला काय? चलतला तर उजवो कौल दी." जमलेल्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डावी पाकळी खाली पडलेली होती. "डावो कौल," गुरव म्हणाला.

बाबांनी नमस्कार केला; निर्णयाचं ओझं देवीने उचललं म्हणून ते सुटल्यासारखे झाले. मी देवीवर सरळ रागावले. जन्मात पहिल्यांदाच. रोज दिवा लावते मी, आणि तू मला एवढंसं दिलं नाहीस, असं मनातल्या मनात तिला सुनावलं. तेवढ्यात आते खांबाला धरून उभी राहिली.

"कौल घराचो मागलंस रे तू," ती बाबांना म्हणाली. "घर अडतला, ह्या माकाय ठावक आसा. चेडवान जाव नको, असा माऊलीन खंय सांगल्यान?"

बाबा म्हणाले, "पण तुझा कोण करतला?"

गुरव पडलेली पाकळी उचलू लागला. त्याच गोष्टीसाठी त्याच दिवशी पुन्हा कौल लावायची रीत नाही. तेव्हा ती मागे बसलेली बाई पुढे आली. गाऱ्हाणं मोठ्याने घालतात, त्यामुळे आमच्या घरची कथा तिला सगळी ऐकू गेली होती. म्हणाली, "माका मागे-पुढे कोण नाय. तुमका माणूस होया. मी र्‍हवतंय हेंच्याकडे." आतेने हात पुढे करून तिचा हात चाचपला, बराच वेळ धरून ठेवला, आणि म्हणाली, "हात कामाचो आसा."

बाबा असे लगेच पाघळणारे नव्हेत. ते पलीकडे जाऊन तिच्या दिराला भेटून आले. नवरा वारल्यापासून ती त्याच्या घरात नको असलेल्या माणसासारखी राहत होती, असं कळलं. नाव द्वारका. ती बोचकं घेऊन आली आणि मी ट्रंक घेऊन निघाले. निघताना आतेने माझ्या तोंडावरून हात फिरवला, पण रडली नाही. मीच घाटापर्यंत रडत गेले.

पुढे शिकून मी मालवणलाच शिक्षिका झाले. द्वारकामावशी आतेच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिच्यापाशी होती. आमटीत आंबटपणासाठी कोकमाची सोलं किती घालायची यावरून दोघी रोज भांडायच्या आणि एकीशिवाय दुसरी जेवायची नाही.

त्या दिवशी उजवी पाकळी पडली असती तर आम्ही आनंदाने घरी गेलो असतो, आणि मागे बसलेल्या बाईकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. मी याला चमत्कार म्हणत नाही. एवढंच, की तेव्हापासून देवीकडे काही मागताना उत्तर कसं यावं ते मी तिला शिकवत नाही.

मावशीने त्या दिवशी स्वतःचा कौल लावलाच नव्हता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. आते गेल्यावर एकदा मी तिला विचारलं, "मावशे, तू काय विचारूक इल्लंस गो?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दिराचा घर सोडलंय तर खंय थारो गावतलो काय, ताच."