नाक, भुवया आणि माझं फुफ्फुस

समस्त आप्तेष्ट, स्नेही आणि हितशत्रूंना कळवण्यात येते की, आमच्या उजव्या फुफ्फुसात एका डागाचे आगमन झाले आहे.

डाग सीटी स्कॅनमध्ये दिसला. सीटी स्कॅन म्हणजे छातीचे काकडीसारखे पातळ काप केल्यागत फोटो. तोवर खोकल्याचं सगळं खापर मी हॅम्बर्गच्या ओल्या हवेवर फोडत होते.

"दोन शक्यता आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॅन्सर, किंवा सारकॉइडोसिस." सारकॉइडोसिसमध्ये शरीराचे पहारेकरी चोर नसतानाच गर्दी करतात आणि गाठी होतात; पुष्कळदा ते आपोआप बरंही होतं. यांपैकी कोणतं, हे तुकडा तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यासाठी ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेतून आत जाणारी बारीक दुर्बीण.

माझे यजमान विमानाच्या पंखांची गणितं करतात. ते माझी पर्स उघडत आणि बंद करत राहिले.

मला भरती केलं त्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर मियाली होती. कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फातल्या गावात राहणारी इनुइट बाई, माझ्याच वयाची. दगडात शिल्पं कोरणारी. इथे तिच्या शिल्पांचं प्रदर्शन होतं, आणि उद्घाटनालाच तिला अशी उबळ आली की तिथून थेट इस्पितळात. तिच्या फुफ्फुसांत वर्षानुवर्षांची दगडाची धूळ बसली होती.

भीती वाटली की मी चौकशा करत सुटते. मियालीला मी इंग्रजीतून उभंआडवं विचारलं. कुठे कोरतेस? घराबाहेर, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. घरात कोरलं तर धूळ पोरांच्या जेवणात जाते. कशानं? विजेच्या ग्राइंडरनं, मग कानशीनं, शेवटी पाण्यात घासून. मग तोंडाला मास्क का नाही लावलास, बाई?

"लावते की. श्वासानं त्याचा बर्फ होतो. मग काढून फेकते."

"आणि कोरतेस काय?"

"लोकांना नाचणारं अस्वल हवं असतं. अस्वलानं घरात पीठ आणि तेल येतं. मला मात्र बायका कोरायला आवडतात. नुसत्या बसलेल्या."

यजमानांनी माझ्यासाठी घरून चंदनाचा साबण आणला होता. तो तिनं मागून घेतला आणि माझ्या नखं घासायच्या कानशीनं कोरायला बसली. खोलीभर देवघराचा वास. सिस्टर आली, भुगा पाहिला, नाक भरून वास घेतला आणि निघून गेली.

ब्रॉन्कोस्कोपीच्या सकाळी मी उपाशीपोटी, देवाचं नाव घेत तयार. कोणी न्यायलाच येईना. आला तो नाश्ता! पाव, चीज, उकडलेलं अंडं.

मागाहून उलगडा झाला. आदल्या दिवशीच्या विझिटेत, म्हणजे डॉक्टरांच्या फेरीत, तपासणीला तुमची संमती आहे ना, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. मी आपल्या पद्धतीनं मान डोलावली, डावीकडे, उजवीकडे. बाईंनी नकार समजून माझी वेळ दुसऱ्याला दिली होती. 'विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या,' म्हणाल्या होत्या. मला वाटलं, धीर देताहेत.

"ती हो म्हणाली होती," खिडकीकडून मियाली म्हणाली. "मला दिसलं."

"आणि तुम्हाला दुखतं का, असं मी रोज विचारते," बाई तिच्याकडे वळल्या, "तर तुम्ही नुसतं आश्चर्य दाखवता."

मियालीनं भुवया उंचावल्या. तिच्या गावी तोच होकार. नाकाला मुरड घातली की नकार. म्हणजे ती बिचारी आल्यापासून रोज सांगत होती की दुखतंय, आणि गोळी मिळत नव्हती!

बाई लाल झाल्या. मग हट्टी विद्यार्थिनीसारख्या शिकल्याच. प्रत्येक विझिटेत भुवया वर, नाकाला मुरड, पुन्हा भुवया वर. मियाली मार्क द्यायची.

यथावकाश दुर्बीण आत गेली आणि तुकडा बाहेर आला. माझ्यासारख्या वाटेवर असणाऱ्यांना सांगते, दुर्बिणीला घाबरू नका, गुंगी देतात. खरं कठीण ते त्यानंतरचं वाट पाहणं. तेव्हा शेजारच्या खाटेवर माणूस असेल तर त्याला बोलतं करा. आणि जर्मनीत असाल तर मान डोलवू नका, 'या' म्हणा, तोच त्यांचा होकार.

मियालीचा ग्राइंडर सुटला. हातानं, दगड ओला ठेवूनच कोरायचं, अशी ताकीद मिळाली. ती साबणातली बाई माझ्या खिडकीत आहे. खाटेवर बसलेली, तोंड उघडं, अर्थातच बोलत असलेली. सर्दी नसेल त्या दिवशी मी तिचा वास घेते आणि त्या खोलीचे, मियालीचे आणि डॉक्टरीणबाईंचे आभार मानते.

निकालाच्या दिवशी मात्र माझं तोंड उघडेना. यजमान खाटेच्या दांडीला धरून उभे. बाई कागद घेऊन आत आल्या. कसाबसा एकच शब्द निघाला माझ्या तोंडून, "कॅन्सर?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मियालीकडे पाहिलं, आणि नाकाला अशी झकास मुरड घातली की मियालीनं टाळी वाजवली. मी उशीत तोंड खुपसून हसायला लागले. मागून पाहणाऱ्याला ते रडणंच वाटलं असणार. हा धडा आमच्या यजमानांना कोणी दिलाच नव्हता. ते पांढरेफटक पडले आणि भर जर्मन इस्पितळात शुद्ध मराठीत ओरडले,

"अहो डॉक्टरीणबाई, नाक कसलं मुरडताय, आहे की नाही ते तोंडानं सांगा!"